अक्का निःस्वार्थ नव्हत्या

महानंदा अक्का गेल्याची बातमी मला फोनवर कळली आणि थोड्याच वेळात त्याच फोनवर त्यांचा फोटो आला. फोटोला झेंडूचा हार, खाली हलणारी मेणबत्ती, आणि मजकूर असा : 'पंगत परिवाराच्या आधारस्तंभ, निःस्वार्थ स्वयंसेविका महानंदाताई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याखाली जोडलेल्या हातांची ही रांग लागलेली.

मी येडशीत माझ्या स्वयंपाकघरात उभी होते. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. खरं तर रडू यायला हवं होतं, पण आधी राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. निःस्वार्थ? अक्का? ज्या बाईनं उभ्या आयुष्यात कुणाला एक अर्ज फुकट टाइप करून दिला नाही, ती निःस्वार्थ? आणि स्वयंसेविका म्हणे! अक्कांच्या हयातीत हा शब्द त्यांच्या तोंडावर कुणी वापरला असता तर त्याची धडगत नव्हती. मेलेलं माणूस उलटून बोलत नाही, एवढ्या भरवशावर लोक वाट्टेल ते लिहितात. म्हणून त्यांच्या वतीनं मी बोलायचं ठरवलंय.

येडशीत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका किराणा दुकानाच्या माडीवर अक्कांचा कॉम्प्युटर क्लास होता. त्याआधी तिथंच टायपिंगचा होता. अक्का मूळच्या नळदुर्गकडच्या, घरात कन्नड आणि बाजारात मराठी अशा वातावरणात वाढलेल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, चष्म्याला काळी दोरी, आणि आवाज असा की खाली दुकानात साखर घेणाऱ्यालाही कळायचं, आज वर कुणाची हजेरी चाललीय. राग फारच चढला की 'साकु!' म्हणून ओरडायच्या. कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे. येडशीतल्या दोन पिढ्यांना कन्नडमधला तेवढा एक शब्द पक्का येतो. रामलिंगाच्या देवळाकडच्या जंगलातून माकडं यायची, खिडकीतून हात घालून डबे पळवायची. त्यांच्यासाठी अक्कांनी एक बंद पडलेला कीबोर्ड राखून ठेवला होता. माकडांना त्याचा धाक होता, मुलांनाही होता.

क्लासमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून शाल पांघरलेली असायची. चांगल्या जरीकाठी शाली. नवीन आलेल्या पोरांना वाटायचं, बाई हौशी दिसतायत. हौस कसली! कुणाचं तरी काम अक्कांनी करून द्यायचं, बिल द्यायची वेळ आली की त्या माणसानं कार्यक्रम ठेवायचा, अक्कांना स्टेजवर बोलवायचं आणि शाल-नारळ देऊन मोकळं व्हायचं, अशातल्या त्या शाली होत्या. अक्का शाल घ्यायच्या, नारळ फोडून खोबरं वाटायच्या आणि दुसऱ्या दिवशी बिल पुन्हा पाठवायच्या. कुठली शाल कुणाची हे त्यांना पाठ होतं. "तू त्या चेअरमनवर बस, आणि तू सरपंचावर," असं पोरांना जागा वाटून देताना म्हणायच्या. कुणी आभार मानायला लागलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आभाराची भाजी होत न्हाय."

मी त्यांच्याकडं शिकवायला लागले त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी माझ्या हातावर दिवसाचे पैसे ठेवले. मी म्हटलं, "अक्का, महिन्यानं द्या की. घाई काय आहे?"

"तुला नसंल घाई, मला हाय. तुझं पैसं माझ्या डब्यात ऱ्हायले की मला झोप लागत न्हाय."

मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी मला यायला दहा मिनिटं उशीर झाला, तर त्यांनी दहा मिनिटांचे कापून घेतले. मी गाल फुगवून बसले, तर म्हणाल्या, "काल गोड लागलं, आज कडू कसं लागतंय वर्षा? त्योच हिशेब हाय." अक्का अशा होत्या. चिकट म्हणा, तिरसट म्हणा, मी सगळं म्हटलेलं आहे.

तेरला आमच्या एका विद्यार्थिनीचं लग्न होतं, तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मांडवात बायकांची पंगत बसली. पत्रावळ्या मांडल्या, भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी, सगळं वाढून झालं. अक्कांनी आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "मन्यारीणबाई कुठं हाय?" सकाळपासून मांडवातल्या एकूण एक बाईच्या हातात बांगड्या भरून ती बाई घामाघूम झाली होती, आणि आता मांडवाच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी पोरीला घेऊन बसली होती. वाढणारी म्हणाली, "ती जेवल की मागून. पाव्हण्यांचं होऊ द्या."

अक्का उठल्या. भरल्या ताटावरून उठल्या.

आमच्याकडं याचा अर्थ काय ते सांगायला लागत नाही. पंगतीत कुणी भरल्या ताटावरून उठलं की बाकीच्यांचा घास हातातच राहतो. यजमानाची इज्जत जाते. त्यानं पळत यायचं, हाता-पाया पडायचं, काय चुकलं ते विचारायचं, चूक दुरुस्त करायची आणि माणसाला परत बसवायचं. तोवर पंगत पुढं सरकत नाही. नवरीचे वडील धोतर सावरत आलेच, हात जोडून उभे राहिले. अक्का म्हणाल्या, "हात नगा जोडू, पान मांडा." मग अक्कांच्या शेजारी पान मांडलं गेलं, मन्यारीणबाई येऊन बसली, तिच्याशेजारी तिची बारावीतली पोरगी बसली. तिचं नाव मुमताज. पंगत पुन्हा सुरू झाली, आणि पुढच्याच महिन्यात मुमताज तेरहून बसनं आमच्या क्लासला यायला लागली. अक्कांनी फी पूर्ण घेतली.

आता निखिल. हा ईट गावचा मुलगा. वडील दत्तोबाकाका, त्यांची खव्याची भट्टी आहे, शेतीवाडी बरी आहे. पोरगा पुण्यात इंजिनियर झाला आणि चार मित्रांबरोबर त्यानं एक नाणं काढलं. नाणं म्हणजे हातात धरायचं नव्हे, फोनमधलं, ज्याला क्रिप्टो म्हणतात ते. त्याचं नाव ठेवलं 'पंगत'. एक दिवस पेढ्याचा पुडा घेऊन तो आमच्या माडीवर आला आणि अक्कांना समजावू लागला. या नाण्याचा कुणी मालक नाही. देशभरातल्या हजारो लोकांनी थोडे थोडे पैसे घालून एक सामायिक तिजोरी केलीय. जो नाण्यासाठी काम करील त्याला तिजोरीतून मोबदला मिळणार, आणि तो किती ते सगळ्यांनी मत देऊन ठरवायचं. तिजोरीच्या पाच चाव्या पाच जणांच्या फोनमध्ये, त्यातल्या तिघांनी आपापला अंगठा लावला तरच ती उघडणार. "सगळे एका ओळीत बसणार, सगळ्यांना सारखं वाढणार. म्हणून पंगत," निखिल म्हणाला.

काम होतं मराठीचं. एका मोठ्या शहरातल्या कंपनीनं त्यांच्या ॲपचं मराठी करून दिलं होतं, ते कुणाला कळत नव्हतं. आपली नाणी परत मिळवायचे म्हणून जे गुप्त शब्द असतात, इंग्रजीत 'सीड फ्रेज', त्यांना त्या शहाण्यांनी 'बियाण्याचे वाक्य' म्हटलं होतं. कळंबकडच्या एका शेतकऱ्यानं ग्रुपवर विचारलं होतं, बियाणं सोयाबीनचं का तुरीचं, आणि दुकान कुठं आहे. निखिलला हे सगळं नीट करून हवं होतं, शिवाय लोकांच्या शंकांना रोज उत्तरं द्यायला माणसं हवी होती.

अक्कांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "रेट काय?"

"अक्का, ही एक चळवळ आहे. आपल्या भागातल्या लोकांना..."

"कर की चळवळ. चांगलं हाय. रेट सांग."

निखिल हसला. म्हणाला, "पुण्यात जो, तोच येडशीत. कंपनीला शब्दामागं जे दिलं तेच तुम्हाला. माझा शब्द आहे."

"तुझ्या बापाला म्या ओळखती," अक्का म्हणाल्या. "लक्षात ठिव."

त्या शब्दावर अक्कांनी आजूबाजूच्या गावांतल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी गोळा केल्या. मुमताज तेव्हा धाराशिवला एका साडीच्या दुकानात काउंटरवर होती. पगार फार नव्हता, पण बांधलेला होता, आणि घरात तेवढाच येत होता, कारण तिच्या आईचे हात आता बांगड्या भरताना थरथरायला लागले होते. तिनं विचारलं, "अक्का, दुकान सोडू का? मालक परत घेणार न्हाय." अक्कांनी विचार केला आणि म्हणाल्या, "सोड. पैसं मिळतील, म्या सांगती." आपला शब्द अक्का सहजासहजी देत नसत.

बायकांनी काम कसं केलं ते मी पाहिलंय. 'बियाण्याचे वाक्य' जाऊन 'गुप्त शब्द' आले. सगळं ॲप माणसाच्या मराठीत आलं. अक्का स्वतः मराठी आणि कन्नड दोन्हीकडच्या शंकांना उत्तरं द्यायच्या, आणि ग्रुपवर चुकीचा प्रश्न विचारणाऱ्यालाही 'साकु' म्हणायच्या. पहिले काही आठवडे ठरल्याप्रमाणं नाणी आली. मग एक गोड गोड मेसेज आला. आता काम करणाऱ्यांचे दोन वर्ग केलेत : पुण्या-बंगळूरचे ते 'कोअर', त्यांना पूर्ण मोबदला. आमच्या बायका 'कम्युनिटी', त्यांना मानधन, तेही नाममात्र, आणि त्यातलं निम्मं वर्षभर राखून ठेवणार. मध्येच काम सोडलं तर राखून ठेवलेलं परत तिजोरीत. आणि हे बोचू नये म्हणून प्रत्येकीच्या नावापुढं एक सोनेरी चित्र : हातात पळी घेतलेली बाई. त्या बिल्ल्याचं नाव 'अन्नपूर्णा'.

मला त्या बिल्ल्याचा आजही संताप येतो. राबवून घ्यायचं आणि वर देवीचं नाव द्यायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. ती कॉम्प्युटरमध्ये गेली तरी तशीच राहिली.

तिजोरीतून कुणाला काय गेलं हे कुणालाही बघता येतं, हे त्या लोकांचं मोठं भूषण. मुमताजनं बघितलं. 'बियाण्याचे वाक्य' लिहिणाऱ्या कंपनीला पूर्ण पैसे गेले होते, आणि तिची घाण उपसणाऱ्या बायकांच्या नावापुढं पळी होती. अक्कांनी निखिलला फोन लावला. तो म्हणाला, "अक्का, हे माझ्या हातात नाही. हे दोन वर्ग कायम ठेवायचे का, यावर मतदान आहे. सगळे मिळून ठरवतील."

आणि इथं अक्का चुकल्या. ही चूक आमच्याच माणसांकडून होऊ शकते, पुण्याच्या माणसाकडून झाली नसती. नावच पंगत, तर रीतही पंगतीचीच असणार, असं त्या धरून चालल्या. मतदानाच्या दिवशी त्यांनी सगळ्या बायकांना सांगितलं, "मत द्यायचं न्हाय. आपून उठायचं. भरल्या ताटावरून." बायकांनी ग्रुपवर एकेक ओळ लिहिली, 'हा पंक्तिप्रपंच आम्हाला मान्य नाही', आणि एकामागून एक बाहेर पडल्या.

मग अक्कांनी काय केलं? क्लास झाडून घेतला. चार खुर्च्या नीट मांडल्या. चहावाल्याला सांगून ठेवलं, पाहुणे येतील. इरकल नेसल्या. कारण आता निखिल येणार, हात जोडणार, काय चुकलं ते विचारणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आम्ही बसून राहिलो. स्टेशनात गाडी आली की अक्का खिडकीशी जायच्या. संध्याकाळपर्यंत निखिल आला नाही, त्याचा फोनही आला नाही. मुमताजच्या फोनवर तेवढं दिसलं : 'ठराव एकमताने मंजूर.'

एकमताने! जे उठून गेले ते त्यांच्या लेखी नव्हतेच. वर बायकांनी काम सोडलं असं धरून त्यांची राखून ठेवलेली नाणीही तिजोरीत परत गेली. उठणाऱ्याची समजूत काढायची सोडून ताट उचलून नेलं, आणि याला नियम म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मुमताज आली. बसली नाही, दारातच उभी राहिली. "अक्का, तुमी उठा म्हणलाव, आमी उठलो. आता ताटबी गेलं. तुमच्या शब्दावर दुकान सोडलं म्या. अम्मीला काय सांगू?"

अक्का सरपंचाच्या शालीची घडी घालत राहिल्या. मुमताज गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, तुमच्याकडं थोडे आहेत. निदान तिला तरी द्या."

त्या माझ्यावरच उसळल्या. "म्या दिऊ? कामाचं पैसं हायत त्ये, भीक न्हाय! म्या दिलं की त्यो पोरगा म्हणणार, बघा, मिटलं. चोरानं चोरायचं आन् म्या भरून द्यायचं, व्हय? साकु!"

गावानं अक्कांना कंजूष ठरवलं. बायकांनी तोंड फिरवलं. मुमताज यायची बंद झाली. तिच्या आईनं, जिला अक्कांनी एकदा आपल्या शेजारी बसवलं होतं, तिनंही बाजारात बघून न बघितल्यासारखं केलं. अक्का रोज क्लास उघडायच्या, माकडं हाकलायच्या, शाली झटकायच्या. मी काही विचारलं की म्हणायच्या, "थांब. उठण्यात चूक झाली."

काही महिन्यांनी निमंत्रण आलं. पंगतचा सन्मान सोहळा, धाराशिवला, मोठ्या हॉलमध्ये. कार्यक्रमानंतर स्नेहभोजन, आणि तेही खास जमिनीवर, पारंपरिक पंगतीत, कारण फोटो छान येतात. अक्कांचा आणि सगळ्या 'अन्नपूर्णां'चा शाल देऊन सत्कार. मी तो कागद फाडणार होते. अक्कांनी माझ्या हातातून घेतला आणि नीट वाचला. "चावीवाले येणार हायत का बघ," म्हणाल्या. मी चौकशी केली. निखिल, पुण्याचा एक आणि बंगळूरची एक मुलगी, असे तिघं येणार होते.

अक्का स्वतः तेरला गेल्या, मुमताजच्या दारात. मी बरोबर होते. मुमताजनं पाणी दिलं पण बोलली नाही. अक्का म्हणाल्या, "पोरी, एकदा माझ्यासंगं जेवायला चल."

"परत उठायचं का?"

"न्हाय. आता बसायचं."

मी अक्कांबरोबर शेवटचं जेवले ते त्या हॉलमध्ये. पुढं पंधरवड्यातच त्यांची तब्येत बिघडली, भाऊ त्यांना सोलापूरला घेऊन गेला, आणि मी उद्या जाते, परवा जाते म्हणेपर्यंत तो मेणबत्तीचा फोटो आला. पण त्या दिवशी त्या ठणठणीत होत्या. तीच इरकल नेसल्या होत्या. स्टेजवर शाल घेतली, नारळ घेतला, हसल्यासुद्धा. मग सगळे जेवायला बसले. समोरासमोर दोन ओळी. एका ओळीत अक्का, मुमताज, मी आणि आमच्या बायका. समोर चावीवाले तिघं, पाहुणे, आणि निखिलनं कौतुकानं आणलेले त्याचे वडील, दत्तोबाकाका, पांढऱ्या टोपीतले. भात, वरण, भाजी, पुरी, बुंदी. फोटो निघाले. सगळे जेवायला लागले.

अक्कांनी हात लावला नाही. मांडी घालून, हात गुडघ्यावर ठेवून बसल्या.

आमच्याकडं दुसरीही एक रीत आहे. पंगतीतलं शेवटचं माणूस जेवून होईपर्यंत कुणी उठत नाही. सगळ्यांची जेवणं आटपली. हातावरचं वरण वाळायला लागलं. पुण्याच्या दोघा-चौघा पाहुण्यांनी इकडं-तिकडं बघितलं आणि उठून हात धुवायला गेले. त्यांच्या मागून आणखी काही गेले. निखिलही उठायला लागला, तेव्हा दत्तोबाकाका शांतपणे म्हणाले, "बस. बाई जेवायच्या हायत."

निखिल बसला. वाकून म्हणाला, "अक्का, बरं वाटत नाही का?"

"मला बरं हाय. वाढप बरं न्हाय तुझं."

"अक्का, त्याचं आपण नंतर शांतपणे बोलू."

"शांतच बसलेय म्या. ह्या पोरींचं कामाचं पैसं दे. कंपनीला दिलं त्या रेटनं. तू शब्द दिलता."

"ते मतदानानं ठरलंय अक्का. मतदानाशिवाय तिजोरीतून काही काढता येत नाही."

"ह्या हॉलचं भाडं मतदानानं दिलं का?"

बंगळूरच्या मुलीनं पुण्याच्या मुलाकडं बघितलं.

"आन् ह्या शाली? ह्या बुंदीला कुणी मत दिलं? तिघांनी अंगठा लावला आन् झालं की न्हाय? मला दिसतंय की फोनमदी. तुमचंच म्हणणं हाय, कुणालाबी बघता येतं."

दत्तोबाकाकांनी मुलाकडं मान वळवली. "दिलं का रे तसं?"

"आबा, ते किरकोळ खर्चाचं वेगळं असतं..."

"ह्या बायकांचं काम किरकोळ हाय का हॉलचं भाडं किरकोळ हाय?"

निखिलचे कान लाल झाले. "बरं, अक्का," तो हळूच म्हणाला, "मी माझ्याकडून देतो सगळ्यांना. आत्ताच. विषय संपवू."

"तुझ्या खिशाला कोण हात लावतंय? तू काय दानधर्म करायलास? ज्यांच्यासाठी राबल्या त्यांनी द्यायचं. तिजोरीतनं. काम म्हणून."

हॉल निम्मा रिकामा झाला होता. भांडीवाले दारात येऊन ताटकळले. निखिल पुन्हा अर्धवट उठला, तेव्हा म्हातारा म्हणाला, "जा की. बाप बसलाय हितं खरकट्या हातानं. जायचं असंल तर जा." त्यानंतर निखिल उठला नाही. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

तिघांचे उजवे हात खरकटे होते आणि फोन उघडायला अंगठा उजवाच लागत होता. शेवटी एकानं जागेवरच तांब्या आणि घंगाळ आणून दिलं. तिघांनी अंगठे धुतले, पुसले आणि फोन हातात घेतले. निखिल मान खाली घालून नावं विचारत होता, मुमताज एकेक सांगत होती. आधी तिचा फोन वाजला, मग शेजारचीचा, मग पलीकडचीचा. त्याच दिवशी रुपये करून घ्या, असं अक्कांनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं.

मुमताजनं फोन बघितला आणि लगेच आईला लावला. अक्कांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

निखिलनं मोठा श्वास घेतला. "झालं अक्का. आता घ्या घास."

"माझं?"

"काय?"

"माझं कामाचं. मराठीचं आन् कन्नडचं, दोन्ही."

"अक्का, तुमचं..." तो खरोखरच गोंधळला होता. "मला वाटलं, तुम्ही या पोरींसाठी बसलात. तुम्ही स्वतःसाठी कुठं..."

"का? म्या हवा खाऊन केलं काम?"

दत्तोबाकाका हसले, एकदाच, मोठ्यानं. तिघांनी पुन्हा अंगठे लावले. अक्कांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आकडा बघितला आणि फोन माझ्यापुढं धरला. "बरोबर हाय का बघ."

मी बघितलं. बरोबर होतं.

मग अक्कांनी गार झालेल्या भातात गार वरण कालवलं आणि पहिला घास घेतला. "मीठ कमी हाय," म्हणाल्या. त्यांनी कसलीही घाई केली नाही. भात, भाजी, दोन पुऱ्या, शेवटी बुंदी, सगळं सावकाश संपवलं, आणि पुन्हा थोडी बुंदी मागून घेतली. तोवर निखिल समोर बसून होता.